जुना रेल्वे डबा राहण्याजोगा करायचाय? आधी छपराचं बघा

शहापूर बाजूच्या आमच्या जागेवर जो कोणी येतो तो गाडीतून उतरायच्या आधीच विचारतो, डबा कितीला पडला हो? क्रेन कितीला पडली, छप्पर कितीला पडलं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही आणि खरा पैसा तिथेच गेलाय. डबा शेवटी भंगाराच्या वजनावर मिळतो. तो आणणं, नीट टेकवणं आणि आपल्याकडच्या पावसात कोरडा ठेवणं ही मोठी कामं, आतलं फर्निचर आणि पडदे सगळ्यात शेवटी. मी हे बरोबर उलट्या क्रमाने केलं आणि त्याची किंमत मोजली. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळमधल्या बऱ्याच लोकांची मुरबाड-शहापूर-कर्जत बाजूला गावची म्हणा किंवा घेऊन ठेवलेली म्हणा थोडीफार जागा असते, आणि दोन-चार मित्र बसले की "आपण तिथे एक रेल्वेचा डबा टाकू" ही कल्पना कधी ना कधी निघतेच, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

कल्पना तशी नवी नाही. इंग्लंडमध्ये १९३३ सालीच एका रेल्वे कंपनीने जुने डबे आडबाजूच्या स्टेशनांवर उभे करून सुट्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे सीएसएमटीला १८ नंबर प्लॅटफॉर्मजवळ २०२१ साली डब्यातलं रेस्टॉरंट सुरू झालं, मग इतर स्टेशनांवरही तसे डबे दिसायला लागले. माझा पहिला सल्ला हाच, काहीही विकत घ्यायच्या आधी अशा एखाद्या डब्यात जाऊन दुपारी तासभर जेवा. आत किती रुंदी वाटते, छत किती जवळ येतं, एसी बंद पडला की काय होतं, हे फोटोत कळत नाही. मात्र ते डबे रेल्वेच्या जागेत, रेल्वेला लायसन्स फी भरून चालवले जातात. आपलं प्रकरण वेगळं, आपण डबा विकत घेऊन आपल्या जागेत आणणार.

आधी एक शब्द नीट करून घ्या

आपण सगळे डब्याला बोगी म्हणतो. रेल्वेवाले आणि भंगारवाले बोगी म्हणतात ती डब्याखालच्या चाकांच्या ट्रॉलीला, प्रत्येक डब्याला अशा दोन असतात. मी पहिल्यांदा एका शेठला फोन करून "बोगी आहे का" विचारलं तर तो म्हणाला, "किती पाहिजेत, आठ पडल्यात." मी खूश! नंतर कळलं की तो नुसती चाकं विकत होता. तेव्हा कागदावर "विदाउट बोगी" असेल तर फक्त वरचं धूड मिळणार. चाकं वेगळी घ्यावी लागतील, दोन्हींचं वजन मिळून बारा टनांच्या आसपास जातं आणि तेही भंगाराच्याच भावाने.

कुठला डबा घ्यायचा

आज भंगारात जे निघतायत ते मुख्यतः आयसीएफचे, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे डबे. चेन्नईच्या पेरांबूरला १९५५ साली कारखाना सुरू झाला, स्विस कंपनीच्या डिझाइनवर. २०१८ साली तिथे हे जुन्या पद्धतीचे डबे बनवणं थांबलं, आता सगळीकडे एलएचबी नावाचे नव्या पद्धतीचे डबे. म्हणजे ते निळे, गजांच्या खिडक्यांचे डबे ज्यांतून आपण लहानपणी गावाला गेलो ते आता हळूहळू संपत चाललेत. आयसीएफचा डबा साधारण २१.३ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद, फुटात सांगायचं तर सत्तर बाय साडेदहा. एलएचबी साडेतेवीस मीटर, पण ते अजून तरुण आहेत, भंगारात क्वचित येतात.

लोकलचा डबा घ्यावा असं ठाणेकराला वाटणारच, मलाही वाटलं. मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो, आत चांगली ऐसपैस खोली होते. पण तीच जास्तीची रुंदी रस्त्यावर नेताना नरडीला येते, आणि दारं एवढी रुंद की बंद करत बसायचं कामच मोठं. माथेरानच्या छोट्या गाडीचा डबा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण ती १९०७ सालची दोन फुटी लाईन, डबे मुळात मोजके, त्याच्या मागे लागू नका. स्लीपर किंवा थ्री टायर एसी बघा. एसीच्या डब्याला इन्सुलेशन बरं असतं, स्लीपरला खिडक्या उघडता येतात. माझा स्लीपर आहे.

डब्याचं वय बघायला कोणाला विचारायची गरज नाही. बाहेर लिहिलेल्या पाच आकडी नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचं साल, शेवटचे तीन डब्याचा प्रकार सांगतात. ९६२५३ असेल तर १९९६ चा, आणि २०१ ते ४०० मध्ये बसतो म्हणून स्लीपर. याशिवाय शेवटची ओव्हरहॉलिंग कुठल्या वर्कशॉपला कधी झाली तेही बाजूला रंगवलेलं असतं. अलीकडे ओव्हरहॉल झालेला जुना डबा हा बरीच वर्षं यार्डात पडून राहिलेल्या नव्या डब्यापेक्षा चांगला निघतो. साल बघा, पण सालावर भाळू नका.

खरेदी

रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या रेल्वेच्याच वेबसाइटवर ऑनलाइन लिलावात विकलं जातं. रजिस्ट्रेशन लागतं, डिजिटल सिग्नेचर लागते, अनामत भरावी लागते. लॉटचं वर्णन आणि अटी शब्द न शब्द वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी डबा जागेवरच गॅस कटरने कापून न्यायचा असतो, अख्खा बाहेर काढायला अटही आडवी येते आणि यार्डातून ट्रेलर निघायला वाटही नसते. बोली लावायच्या आधी लॉट जाऊन बघता येतो, तो बघाच. पैसे भरायची मुदत आणि माल उचलायची मुदत वेगवेगळी असते, उचलायला उशीर झाला की ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं चढतं.

दुसरा रस्ता म्हणजे लिलावात घेतलेल्या व्यापाऱ्याकडून अख्खा डबा घेणं. मी तेच केलं. थोडे जास्त गेले पण लिलावाचा व्याप वाचला. हिशोब सोपा असतो, समजा किलोला ४० रुपये भाव धरला आणि धूड २५ टनांचं, तर १० लाख, वर १८ टक्के जीएसटी, वर टीसीएस, म्हणजे विकणारा आपल्याकडून घेऊन सरकारला भरतो तो कर. भाव लोखंडाच्या बाजाराप्रमाणे हलतो म्हणून ४० हा आकडा फक्त उदाहरणाला घ्या. सीट, पंखे, खिडक्या, बर्थच्या साखळ्या यांचं आधीच बोलून घ्या, नाहीतर ठरलेल्या दिवशी जाल तेव्हा आतलं सगळं काढून विकलेलं असेल.

आणि कागद! रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं यासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. तुमच्या अंगणात डबा, रूळ, रुळांखालचे स्लीपर दिसले की कधीतरी कोणीतरी विचारायला येणार. लिलावाची विक्री-पावती, गेटपास, व्यापाऱ्याचं जीएसटी बिल यांची फाईल करा. रूळ आणि फिशप्लेट (रूळ जोडायच्या पट्ट्या) सुद्धा बिलाशिवाय घेऊ नका, गावात "देतो की स्वस्तात" म्हणणारे भेटतात, त्यांना हात जोडा.

हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर

डबा बघायला जाताना तीन वस्तू न्या, टॉर्च, छोटी हातोडी, टोकदार स्क्रूड्रायव्हर. जुने कपडे घाला कारण खाली आडवं झोपायचंय.

आयसीएफच्या डब्याचा गंज ठरलेल्या जागी असतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे संडासाच्या खालची फरशी, तीस वर्षं तिथे काय काय झिरपलं असेल सांगायला नको. मग दारांचे उंबरे, मग दोन्ही बाजूंना डब्याच्या लांबीभर जाणारा खालचा मुख्य बीम ज्याला सोलबार म्हणतात तो, आणि त्यावर उभे असलेल्या खांबांचे पाय. खिडकीखाली पाणी साचून पत्रा आतून कुजतो, बाहेरून रंग मस्त दिसतो. हातोडीने हलकं ठोकत जायचं. चांगला पत्रा ठणकतो, गंजलेला बद्द वाजतो. ज्या डब्यावर मी जवळजवळ हो म्हणालो होतो त्याच्या संडासाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि भोकातून ओल्या चहापत्तीसारखा तांबडा भुगा माझ्या मनगटावर पडला. व्यापारी म्हणाला, "तेवढं वेल्डिंग मारून देतो." मी म्हटलं राहू द्या. थोडा गंज प्रत्येक डब्याला असणारच, संडासाखालचा पत्रा बदलायची तयारी ठेवूनच जा, पण सोलबार लांबीभर खाल्लेला असेल तर तो डबा सोडा.

का ते सांगतो. इंटिग्रल कोच हे नाव उगाच नाही. या डब्याला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, फरशी, भिंती, छत सगळं मिळून एकच नळी वजन पेलते. दोन बोगींमध्ये पावणेपंधरा मीटरचं अंतर असतं, तेवढ्या लांबीचा भार ही नळी स्वतः उचलते. म्हणूनच नंतर मोठी काच लावायला भिंत सरसकट कापू नका. आर्किटेक्टला "पॅनोरमिक विंडो" हवीच असते. दोन खिडक्या जोडायच्या तर आधी चारी बाजूंनी चौकट वेल्ड करून मग मधला खांब काढायचा, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगितल्यावर.

आणखी एक, आणि यात मस्करी नाही. जुन्या डब्यांत पत्र्याच्या आत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं. आतली पॅनल काढायच्या आधी इन्सुलेशनचा नमुना लॅबमध्ये तपासून घ्या. पांढुरकं-राखाडी तंतूंचं काही दिसलं तर स्वतः खरवडू नका, मजुरांना साधा रुमाल बांधून तर मुळीच लावू नका. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि त्रास वीस-तीस वर्षांनी कळतो. ते काढणारे वेगळे लोक असतात, खर्च होतो, करावा लागतो.

जागा आणि परवानग्या

"चाकांवर आहे म्हणजे बांधकाम नाही" हे वाक्य मला किमान सहा जणांनी सांगितलं, त्यातल्या एकानेही ते लिहून दिलं नाही. पाहुणे रात्री राहणार, संडासाची टाकी होणार, लाईट येणार, म्हणजे प्रश्न येणारच. सातबारा, झोन दाखला, रस्त्याचा हक्क हे डबा बघायच्या आधी. शेतजमीन असेल तर एनएचं, म्हणजे बिगरशेतीचं बघा किंवा राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात बसतंय का ते पर्यटन विभागाकडे विचारा, खऱ्या शेतकऱ्याला तो रस्ता सोपा पडतो. ग्रामपंचायत आणि तालुक्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

येऊर, तानसा अभयारण्याचा परिसर, कर्नाळ्याचा आजूबाजूचा भाग, माथेरानच्या पायथ्याचा पट्टा, इथे इको सेन्सिटिव्ह झोन लागतो. नवी मुंबईत खाडीच्या बाजूला सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध) आणि फ्लेमिंगो अभयारण्य. अशा ठिकाणी एजंट कितीही "होऊन जाईल" म्हणाला तरी पैसे अडकवू नका.

आणायचा दिवस, म्हणजे रात्र

नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीची रुंदी २.६ मीटर. डबा ३.२५. म्हणजे ओडीसी, ओव्हर डायमेन्शनल कार्गो, त्याची वेगळी परवानगी. लांबीही नेहमीच्या ट्रेलरच्या बाहेर, त्यामुळे लोबेड, म्हणजे कमी उंचीचा लांब ट्रेलर लागतो. हे काम रोज करणाराच ट्रान्सपोर्टर घ्या, परवानगी तोच काढतो. ठाण्यात जड वाहनांना बंदीचे तास असतात आणि ते बदलत राहतात, त्या आठवड्याची स्थिती वाहतूक शाखेत विचारून घ्या. बोगी वेगळ्या ट्रकवर येतात.

आमचा डबा रात्री माजिवड्याहून निघून भिवंडी बायपासने पडघा, वासिंद करत हायवेने आरामात आला. हायवेवर अडचण नव्हतीच. अडलं ते शेवटच्या दोन किलोमीटरला, गावच्या रस्त्यावर. मी आणि मेव्हण्याने आठवड्यापूर्वी टेप घेऊन सगळी वळणं मोजली होती, मोरीची रुंदी मोजली होती, वर बघायचं विसरलो. ट्रेलरवर डबा चढला की उंची चार मीटरच्या पुढे जाते आणि गावातली एक वायर मधोमध झोळ पडून त्याच्या खाली आलेली. पहाटेचे साडेतीन, सत्तर फुटी डबा रस्त्यावर आडवा, मागे दुधाची गाडी हॉर्न मारतेय. ड्रायव्हर म्हणाला बांबूने उचलतो वायर. मी नाही म्हटलं, बरं केलं. सकाळी सातला वायरमन आला, लाईट बंद केली, दहा मिनिटांत डबा पुढे. तोपर्यंत अर्ध्या गावाने डब्यात चढून बर्थवर झोपून घेतलं होतं. तेव्हा महावितरणच्या ऑफिसात आधी अर्ज द्या, वायरमनला त्या वेळेला हजर ठेवा, आणि वाटेतल्या प्रत्येक वायरची उंची मोजा.

उतरवायला दोन क्रेन, दोन्ही टोकांना, एकाच माणसाच्या इशाऱ्यावर. पट्टे डब्याला कुठे लावायचे ते ठरलेल्या लिफ्टिंग पॉइंटवरच, मध्ये लावले तर पत्रा चेपतो. क्रेनचे पाय जिथे रोवणार तिथे जमीन टणक हवी. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. आमचा डबा जूनच्या पहिल्या आठवड्यात आला, आदल्या दिवशी एक सर पडून गेली होती आणि एका क्रेनचा पाय वीतभर खचला. डबा हवेत, सगळे गप्प! लोखंडी प्लेटा आणून पायाखाली घातल्या, तीन तास गेले, आणि क्रेनवाला तासावर पैसे घेतो.

कशावर टेकवायचा

चाकांसकट हवा असेल तर खरी लाईन टाका. दोन रूळ, चोवीस-चोवीस मीटर, मीटरला ५२ किलोवाला रूळ धरला तर नुसते रूळच अडीच टन. आतल्या कडांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, हे सुताराच्या टेपने अंदाजे करू नका. ६० सेंटिमीटरवर एक असे चाळीसेक काँक्रीट स्लीपर, खाली खडी, त्याखाली दाबलेला मुरूम. खडीमुळे पाणी निघून जातं आणि डब्याचं पोट कोरडं राहतं. सगळं उभं राहिलं की चाकांना दोन्ही बाजूंनी रुळावर स्टॉपर वेल्ड करा, सुट्टीला आलेली पोरं काय करतील नेम नाही.

बजेट कमी असेल तर बिनचाकांचं धूड आरसीसीच्या ठोकळ्यांवर बसवा. खाली माणूस सरपटत जाऊन रंग मारू शकेल एवढी जागा तरी सोडा. मजा थोडी कमी होते, पण म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपं पडतं. चाकांवरच्या डब्याची फरशी रुळापासून सव्वा मीटर वर असते, त्यामुळे एका बाजूला प्लॅटफॉर्म बांधावाच लागतो. तो आम्ही लांबीभर बांधला, रुंद ठेवला, आणि पाहुणे डब्यापेक्षा तिथेच जास्त बसतात.

छप्पर. इथे थांबून दोनदा वाचा

डबा धावत असतो तेव्हा ठराविक महिन्यांनी वर्कशॉपला जातो. उभा राहिला की त्याला कोण विचारतो? छतावरचे व्हेंटिलेटर, सांधे, पन्हळीचे कोपरे, सगळीकडून पाणी शिरतं, आणि मे महिन्यात हाच लोखंडी डबा तव्यासारखा तापतो. मी ऐकलं नाही. पहिल्या वर्षी छतावर वॉटरप्रूफिंगचा थर मारून घेतला आणि आत प्लाय, लॅमिनेट, गाद्या, सगळं झोकात केलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघतो तर लोअर बर्थखाली पाणी, भिंतीचा प्लाय खालून फुगून पापडासारखा सुटलेला, आणि पाणी नक्की कुठून येतंय ते सापडेना, कारण छतातून शिरलेलं पाणी पॅनलच्या आतून दहा फूट लांब जाऊन बाहेर पडतं. सगळं पुन्हा केलं.

तेव्हा डब्यावर स्वतंत्र शेड घाला, स्टेशनवर असते तशी. खांब जमिनीतून, डब्याला कुठेही टेकलेले नाहीत. डब्याचं छत आणि शेडचा पत्रा यात दोन फूट तरी मोकळी जागा, त्यातून वारा खेळतो. दोन्ही बाजूंना चार-पाच फूट पुढे काढा म्हणजे तिरका पाऊस खिडक्यांवर येत नाही आणि प्लॅटफॉर्मही झाकला जातो. शेडच्या पागोळ्या डब्यापासून लांब पडतील आणि पाणी गटारात जाईल असा ढाळ द्या. खर्च डोळ्यांत भरतो, पण एसीचं बिल, रंगाचं आयुष्य, गंज, गळती, सगळं या एका पत्र्यावर आहे. माझ्या हिशोबात शेड झाल्याशिवाय आत एक खिळासुद्धा मारायचा नाही.

गंज आणि रंग

आयसीएफचा डबा कॉर्टेन स्टीलचा असतो, साध्या पत्र्यापेक्षा कमी गंजतो, पण गंजतोच. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा, वरून पट्टी चिकटवू नका, पट्टीच्या मागे गंज चालूच राहतो. बाकी भाग ब्लास्टिंग करून, म्हणजे जोराने कण मारून साफ करून घ्या, मात्र वाळूने नको कारण त्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, कॉपर स्लॅग किंवा ग्रिट वापरणारे शोधा. त्यानंतर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग. ब्लास्ट केलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला रेड ऑक्साइड ग्रिलला ठीक, इथे नको. रंग कुठलाही द्या, पण रेल्वेचं बोधचिन्ह आणि नाव नव्याने रंगवू नका, आपण रेल्वे नाही.

आत

स्लीपरला ७२ बर्थ, आठ-आठचे नऊ भाग. एक भाग सहा फुटांहून थोडा जास्त. तीन-तीन भागांची एक खोली केली की तीन खोल्या होतात, प्रत्येकी साधारण अठरा-एकोणीस फूट लांब. मी दोनच खोल्या केल्या आणि मधले तीन भाग जसेच्या तसे ठेवले, मिडल बर्थ, साखळ्या, साइड लोअर, खिडकीचे गज, सगळं. लोक डब्यात राहायला येतात ते डबा बघायला. पूर्ण उघडून जिप्समचं सीलिंग आणि स्पॉटलाइट लावले की तो ठाण्यातला वन आरके होतो, मग एवढी यातायात कशाला? तीन खोल्या केल्या असत्या तर भाडं जास्त आलं असतं हे मान्य, बायको अजून ऐकवते.

बाथरूमसाठी युक्ती अशी. डब्याच्या प्रत्येक टोकाला समोरासमोर दोन संडास आणि मधून पुढच्या डब्यात जायची वाट असते. पुढे डबाच नाही, म्हणजे ती वाट बंद करा आणि तिन्ही जागा एक करा. डब्याच्या पूर्ण रुंदीचं बाथरूम मिळतं. खालचा पत्रा तसाही बदलायचाच असतो, तो बदलताना उताराला लावून घ्या, वर फायबरचा अखंड ट्रे, मग टाइल्स. लोखंडावर थेट टाइल्स लावल्या तर उन्हाळ्यात तडकतात. पाइप खालून सेप्टिक टँकला, मग शोषखड्डा, विहीर किंवा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब.

भिंतीत रॉकवूल, वर सिमेंट बोर्ड, त्यावर पातळ लाकडी किंवा सनमायका फिनिश. स्प्रेचा फोम स्वस्त पडतो पण पेट घेतो आणि धूर विषारी, लांबट बंद डब्यात ते नकोच. जुनं रेक्झिन आणि फोमही बदला.

लाईट

हे इलेक्ट्रिशियनच्या हातात द्या पण तुम्हाला माहीत असू द्या. डब्यातले जुने पंखे आणि दिवे ११० व्होल्ट डीसीवर चालतात. माझ्या हौशी फिटरने एक पंखा थेट घरच्या लाईनला लावून बघितला, भप्पकन धूर! तो जाळीचा पंखा हवाच असेल तर कन्व्हर्टर बसवा. जुनी वायरिंग सगळी काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही माणसांना लोखंडाच्या पेटीत झोपवताय. कुठेही वायर सोलली गेली तर अख्खा डबा करंट मारेल. डब्याच्या बॉडीला दोन वेगळ्या जागी अर्थिंग, वेगळे खड्डे, दर उन्हाळ्यात रीडिंग, आणि प्रत्येक खोलीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. दोन-तीन एसी, गीझर, पंप, फ्रिज धरून दहा-बारा किलोवॅटपर्यंत जातं, थ्री फेजचा अर्ज आधीच टाका.

बाहेर पडायच्या वाटा बुजवू नका. चार दारं आणि लाल खुणेच्या आपत्कालीन खिडक्या मुळात असतात, पार्टिशन असं टाका की प्रत्येक खोलीतून दोन वाटा राहतील. गॅस सिलिंडर आणि स्वयंपाक डब्याबाहेर, शेडच्याही बाहेर.

भाड्याने द्यायच्या आधी

जेवण देणार तर एफएसएसएआयचा अन्न परवाना, परदेशी पाहुणे घेतले तर चोवीस तासांत त्यांची माहिती सरकारला कळवणं, उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. विमा काढताना "रेल्वे डबा" हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी तो घर की गाडी यावर वाद होतो.

मग स्वतः दोनदा राहून बघा, एकदा मे महिन्याच्या दुपारी लाईट गेलेली असताना आणि एकदा जुलैच्या रात्री. आम्ही जुलैत राहिलो तेव्हा शेडमुळे एक थेंब आत आला नाही, पण रात्री दोनला काहीतरी खडखडायला लागलं, थांबून थांबून. भूत काढायला म्हणून सगळे उठलो. मिडल बर्थची सुटी साखळी होती, वारा आला की खिडकीच्या गजावर आपटत होती. आता प्रत्येक साखळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून ठेवलाय, तो वर्षाला कडक होतो, मे संपायच्या आत बदलायचा.